मदत हवी आहे: १३ वर्षं बँकेत काढली, आता पाण्याची जळालेली मोटार भरायचं (वाइंडिंगचं) काम शिकायचंय

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतोय, लांबणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३८, मूळ गाव अमळनेर तालुक्यात, राहायला जळगावला. २०१२ ला आयबीपीएसची परीक्षा देऊन एका सरकारी बँकेत पीओ, म्हणजे अधिकारी म्हणून लागलो, आता स्केल टू, यावल-रावेर पट्ट्यातल्या एका शाखेत मॅनेजर आहे. हातात नव्वद हजारांच्या आसपास येतात. बायको झेडपी शाळेत शिक्षिका, मुलगी सहावीत. जळगावला फ्लॅट घेतलाय, स्टाफ लोनचा हप्ता चालू आहे. ऐकणाऱ्याला यात दुखण्यासारखं काय आहे असं वाटणार, म्हणूनच नातेवाइकांत कोणाजवळ बोलायची सोय नाही.

दुखतंय ते असं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक म्हातारे बाबा पीक कर्ज रिन्यू करायला आले. तीन लाखाच्या आतलं खातं, दरवर्षी मुदतीत भरणार, म्हणजे सगळ्या सवलती धरून शून्य टक्क्यात बसणारा माणूस, असा खातेदार म्हणजे बँकेने जपून ठेवावा असा. पण तेव्हा वरून फोनवर फोन चालू होते, रिन्यूअलला येईल त्याच्या गळ्यात विमा पॉलिसी टाकायचीच. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी धोतराला बोटं पुसली, चष्मा खिशातच होता तो काढलाही नाही, आणि सही केली. म्हणाले साहेब तुम्ही सांगताय म्हणजे चांगलंच असेल. १८ हजाराचा पहिला हप्ता त्यांच्या खात्यातून गेला. तेवढ्यात त्यांचं केळीचं खत आलं असतं. संध्याकाळी आकडा कळवला तर ग्रुपवर टाळ्या पडल्या. मला रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या वर्षी दुसरा हप्ता भरायला नको म्हणून ते तीनदा चकरा मारून गेले आणि तिन्ही वेळा मी त्यांच्याशी नजर न मिळवता बोललो.

बँकेचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. गरजेच्या वेळी कर्ज मिळालं म्हणून उभे राहिलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. पण माझा दिवस त्यात जातच नाही, तो टार्गेट, वरिष्ठांची व्हीसी, एनपीएची (थकलेल्या कर्जांची) यादी आणि परत टार्गेट यातच जातो, आणि माझ्यावर विश्वास आहे म्हणूनच लोक सही करतात हे मला आता सहन होत नाही.

आता दुसरी गोष्ट. मागच्या वर्षी मे महिन्यात मामांकडे फैजपूरजवळ गेलो होतो. ऊन ४५ च्या घरात, केळीची बाग निसवलेली (घड बाहेर पडलेले), घड अर्धे भरलेले, आणि रात्रीतून बोअरमधली साडेसात एचपीची सबमर्सिबल मोटार जळाली. एक फेज उडाला होता, मोटार ऑटोवर टाकलेली, लाईट आली तशी ती दोन फेजवर ओढत बसली आणि गेली. ज्यांची केळी आहे त्यांना सांगायला नको की असल्या उन्हात दोन दिवस पाणी तुटलं की पानं कशी लोंबतात. सकाळी मोटार वर काढून आम्ही वाइंडिंगवाल्या मिस्तरीकाकांकडे नेली. त्यांचा हाताखालचा पोरगा लग्नाला गेलेला, मामा वायर आणायला गेले, म्हणून काका मला म्हणाले साहेब बसा समोर, टोक धरा.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरातल्या फॅनसारखी तयार कॉइल यात बसवत नाहीत. ही मोटार पाण्यातच राहते, आत पण पाणीच भरलेलं असतं, म्हणून तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं आणि ती तार सुईदोऱ्यासारखी स्लॉटमधून, म्हणजे मोटारीच्या आतल्या खाचांतून, ओवून काढावी लागते. एकाने या तोंडातून घालायची, दुसऱ्याने त्या तोंडातून पूर्ण लांबीची ओढून घ्यायची, परत दुसऱ्या ठरलेल्या स्लॉटमधून उलटी घालायची. असे चोवीस स्लॉट. ओढताना कडेला घासली, नखाएवढा ओरखडा पडला तरी सगळी मेहनत पाण्यात, मोटार सोडली की तिथूनच अर्थ मारणार. काका तोंडाने वेढे मोजत होते, मी ओढत होतो, हाताला मेण लागल्यासारखं गुळगुळीत झालेलं. दुपारी जेवलो नाही ते चार वाजता लक्षात आलं. जॉइंट मारून, टेप गुंडाळून, पाण्याच्या टाकीत बुडवून मेगर (वेष्टणातून करंट गळतो का ते दाखवणारा मीटर) लावला, काटा वर जाऊन थांबला तेव्हा काका नुसतं "हं" म्हणाले. रात्री साडेनऊला मोटार बोअरमध्ये सोडली, पाइपातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं, आणि मामांनी त्याच पाण्याने तोंड धुतलं.

तेव्हापासून बहुतेक प्रत्येक रविवारी मी तिथे असतो. आतापर्यंत ११ मोटारी मी स्वतः भरल्या, काका शेजारी बसून. त्यातल्या दोन परत आल्या. एक लो व्होल्टेजने गेली, दुसरीत जॉइंट माझाच कच्चा होता, ती मी रात्री बसून परत भरून दिली आणि त्या शेतकऱ्याची माफी मागितली. विचित्र वाटेल, पण चूक केली ती दिसली, कबूल केली, दुरुस्त केली, असं बँकेत मला इतक्या वर्षात करता आलं नव्हतं.

काका ६१ चे आहेत, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, येणार नाही. ते म्हणतात दुकानात बसा, शिकवतो, पुढे तुम्हीच चालवा.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. सोलर पंप. "मागेल त्याला सौर कृषी पंप" या सरकारी योजनेत शेतकऱ्याला १० टक्के भरायचे, एससी-एसटीला ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. मग वाइंडिंगवाल्याकडे कोण येणार? मी अडतिसाव्या वर्षी संपत चाललेल्या धंद्यात उतरतोय का? दुसरं, पगार बंद झाला की स्टाफ लोनची सवलत जाते, बाजाराच्या व्याजाने हप्ता वाढतो. आम्ही २०१० नंतर लागलेले, जुनी पेन्शन नाहीच, एनपीएस, म्हणजे पगारातून कापून साठेल तेवढंच. राजीनाम्याला तीन महिन्यांची नोटीस. कर्ज काढून दुकान टाका असं कृपया सुचवू नका, पीएमईजीपीच्या (नव्या धंद्याला सबसिडीचं कर्ज देणाऱ्या सरकारी योजनेच्या) फायली मीच करतो, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के सबसिडी दिसायला छान दिसते पण ती तीन वर्षं डिपॉझिटमध्ये अडकलेली असते आणि बाकीचा हप्ता पहिल्या वर्षापासून दारात उभा असतो.

तिसरं म्हणजे वडील. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. अखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी गेलो तेव्हा ओट्यावर बसून हळूच विषय काढला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "इतलं शिकाडं ते कशासाठे रे भाऊ? लेखणी सोडीसन पाना धरशी?" आवाज चढवला नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. गावात ते मला हाक मारताना सुद्धा साहेब म्हणतात, मुद्दाम, चार लोकांनी ऐकावं म्हणून.

मला विचारायचंय ते हे: ज्यांनी असं खुर्चीचं काम सोडून हाताचं काम धरलं, त्यांनी कसं ओळखलं की हे खरंच आपलं काम आहे, नुसती पळवाट नाही? आणि वाइंडिंगच्या धंद्यातलं कोणी इथे असेल तर सोलरबद्दल खरं काय ते सांगा.

---

प्रतिसाद: गिरणाकाठ

भाऊ, पूर्ण वाचलं. मी पुण्यातलं आयटी सोडून पाचोऱ्याला परत आलो त्याला सहा वर्षं झाली, फॅब्रिकेशनचं शेड आहे. राजीनामा आत्ता देऊ नका. तुम्ही रविवारचं काम बघितलंय, आणि रविवारी जे आवडतं ते मंगळवारी पाठ धरल्यावर पण आवडतं का हे वेगळं असतं. पीएल शिल्लक असेल तर एप्रिल-मे मध्ये सलग जितकी मिळेल तितकी रजा काढा, सीझनला बसा, सकाळी आठ ते रात्री अकरा. मी ओळखलं ते असं की तिसऱ्या आठवड्यात डोळ्यात वेल्डिंगची चमक लागली, रात्रभर बटाट्याचे काप डोळ्यावर ठेवून पडलो आणि तरी मनात हेच होतं की उद्या त्या गेटचं कोन राहिलंय.

आणि उधारी. बँकेत तुम्ही वसुली केली, पण ते पैसे बँकेचे होते. इथे तांबं तुम्ही रोखीने आणणार आणि शेतकरी म्हणणार घड कटले की देतो, खोटं नसतं ते, पण घड कटतात तेव्हा भाव पडलेला असतो. पहिल्या दोन वर्षात मी याच्यामुळेच बुडता बुडता राहिलो. तार गिऱ्हाइकानेच आणून द्यायची, आपण मजुरीच घ्यायची, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, मामांचं असलं तरी.

---

प्रतिसाद: सातपुडा

माझ्या वडिलांचं चोपड्याला वाइंडिंगचं दुकान आहे, मी तिथेच लहानाचा मोठा झालो म्हणून लिहितो. सोलरने फरक पडलाय, नाही म्हणणार नाही. तीन आणि पाच एचपीची कामं कमी झाली. पण योजनेत जास्तीत जास्त साडेसात एचपी, ते पण पाच एकराच्या वर जमीन असेल तर. तुमच्या यावल-रावेर पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते तुम्ही कर्ज देताना बघितलंच असेल, तिथे दहा, साडेबारा, पंधराच्या मोटारी आहेत, त्या लाईटवरच चालतात. शिवाय सोलरची पाच वर्षं संपली की त्या मोटारी पण कुठेतरी येणारच ना. मोटार ती मोटारच, फक्त तिच्या वर पॅनेलची वीज मोटारीला जुळवून देणारा कंट्रोलर बसलेला असतो, आणि तो उघडून बघणारा माणूस आमच्याकडे तालुक्यात शोधून सापडत नाही. वडिलांना ते जमणार नाही. तुम्ही शिकलेले आहात, वाइंडिंग आणि कंट्रोलर दोन्ही शिकलात तर तुमच्याकडे रांग लागेल असं मला मनापासून वाटतं.

शरीराचं पण सांगतो. वडिलांची कंबर पन्नाशीत गेली, जमिनीवर मांडी घालून वाकून तार ओढल्यामुळे. तुम्ही सुरुवातीपासून स्टँड करून घ्या, मोटार कमरेच्या उंचीला आडवी बसेल असा. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, वयाची वरची अट नसते, पण दिवसभर जावं लागतं, तुम्हाला नोकरी करून जमणार नाही. हात तर काकांकडेच तयार होईल.

---

प्रतिसाद: जात्यावरची

दादा, एवढं सगळं लिहिलंत, वडील काय म्हणाले, काका काय म्हणाले, पण वहिनी काय म्हणतात ते एका ओळीत पण नाही. माझ्या मिस्टरांनी धुळ्याला चांगली नोकरी सोडली तेव्हा मला शेवटी कळलं होतं. निर्णय चुकला नाही, पण मला शेवटी कळलं हे मी अजून विसरले नाहीये. घर त्यांच्या एकट्या पगारावर किती महिने चालेल हे आधी त्यांच्याबरोबर बसून वहीत मांडा. आणि तुमचा मेडिकलचा विमा बँकेचा असेल तर तो जाणार, राजीनाम्याच्या आधी स्वतःचा घ्या.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. जात्यावरची ताई, तुमचा प्रतिसाद वाचून फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. तिला रविवारचं माहीत होतं, राजीनाम्याचं मी बोललो नव्हतो. काल रात्री हा धागाच तिच्या हातात दिला. वाचून झाल्यावर ती पहिलं म्हणाली, ते बाबा कोण, त्यांचे पैसे परत मिळाले का? नाही मिळाले, मध्येच सोडलेल्या पॉलिसीला पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून फारसं काही येत नाही. मग आम्ही वही घेऊन बसलो. बाजाराच्या व्याजाने हप्ता धरला, तिचा पगार धरला, मुलीचा क्लास धरला, तर महिन्याला १४ हजार कमी पडतात. ती म्हणाली दीड वर्षाची ही तूट आधी बाजूला टाकू, मग बोल. म्हणजे अडीच लाख. माझ्या हिशोबाने पुढच्या मार्चपर्यंत होतात, कार विकली तर दिवाळीतच.

गिरणाकाठ भाऊ, तार गिऱ्हाइकाने आणायची हे लिहून ठेवलं. मेमध्ये ३० दिवसांची पीएल मागणार आहे, मार्च क्लोजिंगनंतर देतील असं वाटतं. सातपुडा, स्टँडचं काकांना सांगितलं तर म्हणाले चाळीस वर्षं काहून नाही सुचलं, उद्याच वेल्डिंगवाल्याकडे माप देतो.

वडिलांचं अजून तसंच आहे. पण परवा फोनवर आईशी बोलताना मागून त्यांचा आवाज आला, आपल्या विहिरीवरची मोटार आवाज करी राहिनी म्हणे, एकदा येऊन देखी ले त्याले म्हनो. बेअरिंग गेलं असणार. शनिवारी संध्याकाळी पाना-पुलर घेऊन गावी जातोय.

एक राहिलंच. सोलर पंपाच्या कंट्रोलरची दुरुस्ती जळगाव, धुळे किंवा नाशिककडे कोणी हाताखाली घेऊन शिकवतं का? सुट्टीच्या दिवशी यायची तयारी आहे, पैसे पण देईन. माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.