शाळेला पाण्याचं यंत्र, व्हेंडरला ११० दिवस: याला जबाबदार कंपनी म्हणायचं का?

जॉबवर्कवाला, अंबड

परवा मुलीच्या शाळेत गेलो होतो. गेटच्या आत पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र बसवलंय. वर स्टीलची पाटी आणि पाटीवर आमच्याच एका ग्राहक कंपनीचं नाव. पोरं ओंजळी धरून गार पाणी पीत होती. मीही प्यायलो. पाणी चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच कंपनीकडे माझी तीन बिलं अडकली आहेत, सगळ्यात जुनं ११० दिवसांचं. या यंत्रात माझे किती असतील, हा कोता विचार मनात आला तो जाईचना.

नाशिकच्या अंबडला माझं छोटं युनिट आहे, मोठ्या कंपन्यांचे पार्ट करून देतो. दोन सीएनसी, एक जुनी लेथ, सहा माणसं. माल गेला की बिल, आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटी, पैसे आलेले असोत वा नसोत. तो मी खिशातून भरतो, कंपनी त्याच बिलावर त्या कराचं क्रेडिट घेऊन मोकळी होते, आणि इकडे सीसीचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं, व्याज चालूच. २००६ च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट आहे: करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी ४५ च्या पुढे नाही. पुढे गेलात तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मी आजवर एक रुपया व्याज मागितलेलं नाही. मागितलं तर पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, कोण देणार?

कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी यातलं एक जरी ओलांडलं, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करा, यालाच सीएसआर म्हणतात. छान आहे. पण हा नफा झाल्यानंतरचा हिशेब झाला. नफा कोणाच्या जिवावर झाला, ते कुठल्या कलमात विचारायचं? माझ्या मते जबाबदारी तिथून मोजायला हवी, पाटीपासून नाही. बोला.

खतावणी, सातपूर

दुसरी बाजू सांगतो, शिव्या खायची तयारी ठेवून. मी अशाच एका कंपनीत अकाउंट्सला आहे.

सीएसआरचे पैसे तुमच्या बिलाला लावताच येत नाहीत. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातला खर्च त्यात धरत नाहीत, आणि २०२१ पासून न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावी लागते. त्यामुळे ‘यंत्रात माझे पैसे’ हे भावनेला ठीक, हिशेबाला नाही. शिवाय वरची, म्हणजे आमचा माल घेणारी, गाडी कंपनी आम्हालाच ९० दिवसांनी देते. आम्ही ४५ ला कुठून देणार, छापखाना आहे का आमच्याकडे? आमच्या ४०० माणसांचा पगार ७ तारखेला होतो. तो थांबवून व्हेंडरचं बिल काढायचं? जास्त लोकांचं भलं ज्यात, ते आधी. यालाच पुस्तकात उपयुक्ततावाद म्हणतात ना?

निवृत्त मास्तरीण, कॉलेज रोड

नीतिशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे राहवत नाही.

खतावणी, उपयुक्ततावाद इतका स्वस्त नाही हो. त्याची पहिली अट अशी की प्रत्येक माणूस एकच धरायचा, कोणी दीड नाही, कोणी अर्धा नाही. तुम्ही ४०० मोजलेत आणि कंपाउंडच्या भिंतीशी थांबलात. त्यांची सहा माणसं, त्यांच्यासारखी आणखी पन्नास युनिटं, त्यांची घरं, हे सगळं बेरजेत आलं पाहिजे. ते आलं की तुमचं उत्तर तेच राहील याची मला खात्री नाही.

एमबीए, तिसरं सेमिस्टर

उपयुक्ततावादाचं काय होतं ते फोर्डच्या पिंटो गाडीत दिसलंच की, मागून धडक बसली की टाकी पेटायची तिची. गाडीमागे ११ डॉलर वाचवायला माणसाच्या जिवाची किंमत २ लाख डॉलर धरली आणि माणसं जळू दिली. वर्गात पहिल्याच तासाला शिकवतात.

निवृत्त मास्तरीण, कॉलेज रोड

अर्धवट शिकवतात. १९७७ मध्ये गाजलेला फोर्डचा तो हिशेबाचा कागद गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दल होता, पिंटोला मागून बसणाऱ्या धडकेबद्दल नव्हे. आणि तो एकट्या पिंटोचा नव्हता, जवळपास सव्वा कोटी गाड्यांचा हिशेब होता. जिवाची किंमतही फोर्डने शोधलेली नाही, ती तिथल्या सरकारी खात्याचीच होती. पिंटोची टाकी निर्दोष होती असं मी म्हणत नाही. पण नीतीवर बोलताना तरी पुरावा नीट धरावा.

एमबीए, तिसरं सेमिस्टर

मान्य मॅडम, नोंद केली.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. सीएसआरच मुळात चूक आहे. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहून ठेवलंय की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं. मॅनेजर दुसऱ्याच्या पैशावर दानशूर होतो. शाळेला पाणी देणं महापालिकेचं काम, त्यासाठी आपण घरपट्टी भरतो. आणि जॉबवर्कवाले दादा, पैसे ११० दिवसांनी येणार हे माहीत असेल तर तेवढं व्याज दरातच लावा की. बाजार आहे.

जॉबवर्कवाला, अंबड

दरात लावा! या एकदा गरवारे पॉइंटला, चहा पाजतो आणि एक रिव्हर्स ऑक्शन दाखवतो. स्क्रीनवर नगाचा दर पैशापैशाने खाली येत असतो. माझ्याच लाइनमधला एक जण कधी ४ पैसे कमी करतो, कधी मी ५. शेवटच्या दोन मिनिटांत स्वतःची मजुरीसुद्धा धरलेली नसते. त्यात ११० दिवसांचं व्याज लावणारा पहिल्या फेरीतच घरी जातो.

निवृत्त मास्तरीण, कॉलेज रोड

शिवाय फ्रीडमनचं अर्धंच वाक्य सांगितलंस बाळा. नफा कमवा, पण खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता, असं तो त्याच दमात म्हणतो. ४५ दिवस हा इथला नियम आहे. म्हणजे या भांडणात तुझा फ्रीडमन जॉबवर्कवाल्यांच्या बाजूने उभा आहे.

एमबीए, तिसरं सेमिस्टर

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. ठीक. मग बिलं वेळेत द्या आणि पाटी काढा.

खतावणी, सातपूर

पाटी काढा म्हणणाऱ्याने त्या शाळेतलं आधीचं पाणी प्यायलेलं नसणार.

आणि सुधारणा झालेलीच नाही असं चित्र उभं करू नका. आयकरात ४३बी(एच) आलं. २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजावट मिळते. परवाच्या मार्चमध्ये आमचे साहेब रात्री नऊपर्यंत बसून पेमेंट सोडत होते. व्हेंडरचे फोन यायच्या आत पैसे गेले. बदल झालाय.

निवृत्त मास्तरीण, कॉलेज रोड

तुमचे साहेब मला ओळखीचे आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्येच त्यांच्याबद्दल लिहिलंय. एक दुकानदार असतो. अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान पोर आलं तरी त्याला मोठ्यांच्याच भावात माल देतो. वागणं चोख. पण का? तर बोभाटा झाला तर धंदा बसेल म्हणून. कांट म्हणतो, कर्तव्याला धरून वागला खरा, पण कर्तव्य म्हणून नाही वागला.

खतावणी, सातपूर

म्हणजे आता वेळेत पैसे दिले तरी नापास! मॅडम, हेतूने कोणाच्या सीसीचं व्याज कमी होत नाही. पैसे खात्यात आले, विषय संपला. साहेबांच्या मनात काय होतं ते देव बघून घेईल.

जॉबवर्कवाला, अंबड

खतावणीसाहेब, इथे मी मॅडमकडे झुकतो, आणि अनुभवाने झुकतो.

त्या कलमाची मेख तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मे महिन्यातलं बिल डिसेंबरात दिलं तरी वजावट त्याच वर्षात मिळते. दात आहेत ते फक्त मार्चला. म्हणून मार्चएंडला आम्ही श्रीमंत, आणि एप्रिल लागला की परत ‘पुढच्या आठवड्यात बघू’. दुसरं, एका ठिकाणी पर्चेसवाल्याने मला हळूच सांगितलं, ‘उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) काढून टाका ना, आम्हाला सोपं पडेल.’ आवाज अगदी काळजीचा. तेव्हा हेतू काय होता ते कळायला देवाची गरज पडली नाही. कर वाचवायचा म्हणून जो वेळेत देतो, तो कर वाचवायची दुसरी वाट दिसली की देणं थांबवतो.

द्राक्षवाला, निफाड

तुमचं ऐकून हसू येतंय राव. ११० दिवसांनी का होईना, येतात ना? आमच्याकडे शिवार खरेदी. व्यापारी बागेत येतो, मणी दाबून बघतो, सौदा होतो, क्रेट भरून गाडी जाते. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, तिसरीपासून ‘शेठ, आठवड्यात देतो’. मग एक दिवस फोन बंद. हातात काटापट्टी, वजनाची चिठ्ठी, तेवढी उरते. दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात हे होतंच. बाजार समितीत निदान त्याच दिवशी पैसे द्यायचा नियम आहे, बागेत कोण विचारतो? त्या कांटला म्हणावं पिंपळगावला एक सीझन काढ.

नासर्डीकाठ

विषय थोडा बाजूला नेतो. सगळे दिवस मोजताय, पण हा दाब शेवटी कुठे जातो?

क्रोम प्लेटिंगचं घ्या. पाणी सोडण्याआधी त्यातला विषारी सहाचा क्रोमियम मेटाबायसल्फाइट घालून कमी विषारी तीनवर आणायचा, मग चुना घालून गाळ बसवायचा, तो वाळवून धोकादायक कचरा म्हणून वेगळा पाठवायचा. पायरीपायरीला पैसे. ज्याचा दर आधीच पिळलाय आणि वर पैसेही अडकलेत, तो पहिली कुठली पायरी गाळेल? सातपूर-अंबडकडून नासर्डी वाहते आणि टाकळीला गोदावरीला मिळते. सिंहस्थ तोंडावर आहे, घाटावर स्वच्छतेच्या पाट्या लागतीलच. वरच्या ऑफिसात क्रेडिटचे दिवस ठरवणाऱ्याचा आणि त्या संगमाचा काही संबंध आहे, हे कुठल्याच अहवालात सापडणार नाही.

निवृत्त मास्तरीण, कॉलेज रोड

बाजूला कुठे, उलट इथेच यायला हवं होतं. व्यवस्थापनाचा अभ्यासक फ्रीमनने १९८४ मध्ये हेच मांडलं, की धंद्याचे धागे ज्यांना ज्यांना लागतात त्या सगळ्यांचा विचार कंपनीने करावा, फक्त भागधारकांचा नव्हे.

आणि तत्त्वज्ञ रॉल्सची एक युक्ती सगळ्यांनी करून बघा. पैसे देण्याचा नियम तुम्हीच ठरवायचा, पण उद्या सकाळी साखळीत कुठे जागे होणार ते माहीत नाही, असं धरून. गाडी कंपनीत, खतावणींच्या खुर्चीत, लेथवर, की प्लेटिंगच्या टाकीशी. किती दिवस लिहाल?

खतावणी, सातपूर

प्रामाणिकपणे? ३०. पण मी एकट्याने ३० केले तर माझी कंपनी गोत्यात येते. वरच्यापासून सुरुवात करा.

आणि आता माझा एक प्रश्न, जॉबवर्कवाले. तुमचे पार्ट प्लेटिंगला बाहेर जात असतीलच. त्याला किती दिवसांनी देता?

जॉबवर्कवाला, अंबड

कालपासून हा प्रश्न वाचून तीनदा फोन खाली ठेवला.

वही काढून बघितली. ७० दिवस. त्याच्याकडे कुठला करार नाही, म्हणजे कायद्याने १५. कारण विचारलंत तर मी तेच सांगेन जे खतावणींनी सांगितलं: वरून आले की देतो. शब्दही तेच निघाले असते.

आज सकाळी त्याचं जुनं बिल सोडलं, सीसीतूनच. दहा मिनिटांत त्याचा फोन. मला वाटलं, बरं म्हणेल. तर म्हणतो, ‘शेठ, चुकून आले का? की काम दुसरीकडे देताय?’

खतावणी, सातपूर

मग काय सांगितलंत?

जॉबवर्कवाला, अंबड

म्हटलं, काम तुझ्याकडेच आहे. दोन बिलं अजून बाकी आहेत, तीही याच महिन्यात बघतो. त्यावर तो म्हणाला, ‘बघतो म्हणू नका शेठ, तारीख सांगा.’