मदत हवी: पीएचडीच्या विद्यार्थ्यांची वर्षभराची प्रगती कशावर ठरवायची?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका संशोधन केंद्रात मी गाईड आहे, विषय समाजशास्त्र. माझ्या दोन विद्यार्थ्यांचं कोर्सवर्क आणि सिनॉप्सिस होऊन वर्ष झालं. पुढच्या आठवड्यात संशोधन सल्लागार समितीची बैठक आहे आणि मी अडकलोय.

विद्यार्थिनीचा विषय विडी कामगार बायकांचा. कुंभारीच्या घरकुलात आणि शहराच्या पूर्व भागात ती घरोघरी फिरते. बहुतेक बायका तेलुगू बोलतात, हिचंही माहेर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातलं, त्यामुळे त्या मोकळेपणाने सांगतात. तिच्या वह्या पाहिल्या. डाव्या पानावर तेलुगू बोलणं जसंच्या तसं, उजवीकडे मराठी. पान, तंबाखू, दोरा किती मिळाला, हजारी (हजार विड्यांमागची मजुरी) किती पडली, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या, सगळं तारखेनिशी. एका बाईने तर मुलाखत देताना हात थांबवला नाही, तेही लिहिलंय. पण प्रबंधाचं प्रकरण? एक ओळ नाही.

दुसऱ्याचा विषय यंत्रमाग. त्याची १२० पानं तयार आहेत, बाइंडिंगसकट. इतरांच्या मजकुराशी साम्य तपासलं तर १० टक्क्यांच्या आत, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे दंडाचा प्रश्नच नाही. फक्त त्यात त्याचं स्वतःचं काय आहे हे मला अजून सापडलेलं नाही. कारखान्यात गेलास का, विचारलं तर "सर, सेठ वेळ देत नाहीत".

मागच्या सहामाहीला समितीतल्या एका सदस्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "पानं किती झाली?" आणि याला शाबासकी. आमच्या फॉर्मवर समाधानकारक आणि असमाधानकारक असे दोनच चौकोन. तिची फेलोशिप महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची, हप्ता प्रगती अहवालावर अडतो, त्यामुळे मी काय खूण करतो याला वजन आहे.

तुमच्याकडे लिखाण नसलेल्या वर्षाची प्रगती कशी नोंदवतात? आणि त्याला खरं सांगायचं, पण नोंदणीवर बालंट येऊ द्यायचं नाही, हे कसं जमवायचं?

प्रतिसाद
सर, समितीचे निमंत्रक तुम्हीच आहात, म्हणजे बैठकीची दिशा तुमच्या हातात आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दर सत्राला सादरीकरण आणि छोटा अहवाल मागितलाय, पानांचा आकडा कुठेही नाही. तिला वह्या घेऊनच बसवा. मुलाखती किती, कोणत्या वस्तीत, मुलाखती लिहून काढण्याचं काम कुठवर आलं याचा तक्ता अहवालाला जोडा, आणि एकाच मुलाखतीचं चार-पाच पानी विश्लेषण करायला लावा. तेवढं जमलं तर बिनधास्त समाधानकारक लिहा. नाही जमलं तर मात्र काळजी करा. नुसती माहिती गोळा करत राहणं हीसुद्धा लिखाण टाळायची एक तऱ्हा असते, सहावं वर्ष उजाडलं की कळतं.

मुलाबद्दल घाबरू नका. असमाधानकारक लिहिलं की नोंदणी लगेच जात नाही. समितीने कारणं नोंदवायची, सुधारणा सुचवायच्या. त्या त्याने केल्याच नाहीत तर पुढे नोंदणी रद्द करण्याची शिफारस. शिफारशींची प्रत त्यालाही मिळते, म्हणून "अभ्यास वाढवावा" असलं मोघम लिहू नका. कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यापर्यंत, किती कामगारांशी बोलायचं ते लिहा. आणि सेठ नाही भेटले तर कामगार भेटतात की! पाळी सुटताना चहाच्या टपरीवर उभं राहायला सांगा.

धागाकर्ता
आभार. तक्त्याचं डोक्यात आलं नव्हतं, आजच तिला सांगतो. एक शंका: वह्यांत बायकांची नावं आणि घर नंबर आहेत, बाहेरच्या सदस्यांपुढे त्या तशाच ठेवायच्या का? कुणी सांकेतिक क्रमांक घालून अहवाल दिला असेल तर नमुना मिळेल का?