रेसलिंगचा मोठा शो तीन पिढ्यांनी मिळून लाइव्ह बघायचाय, कुठला निवडू? (बडोदा)

दांडियाबाजारवाला:
नमस्कार मंडळी. मुलगा 11 वर्षांचा आहे, डब्ल्यूडब्ल्यूईचं प्रचंड वेड. मी स्वतः टेन स्पोर्ट्सच्या काळापासून बघतोय, पण गेली काही वर्षं नुसते दुसऱ्या दिवशीचे हायलाइट्स. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय 74. तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे. त्यांच्या लेखी हे सगळं म्हणजे नूरा कुस्ती, आधीच निकाल ठरवलेली. नातवाने रेसलिंग लावलं की उठून गच्चीवर जातात. पोरगा काही बोलत नाही, पण आवाज कमी करून ठेवतो. ते बघून मला वाईट वाटतं.

एकदा तरी तिघांनी एका सोफ्यावर बसून अख्खा शो लाइव्ह बघावा, एवढीच इच्छा आहे. पहिल्यांदा कुठला शो घेऊ? पहाटे उठवणं बरं की रात्रीचा शो बरा? आणि अण्णांना जबरदस्ती न करता कसं बसवू?

रावपुरा_एक्सप्रेस:
डोळे मिटून रॉयल रंबल घ्या. जुनी भांडणं, कोण कोणाचा दुश्मन, काही माहीत नसलं तरी अडत नाही. दोघांपासून सुरुवात होते, मग ठरावीक वेळाने भोंगा वाजतो आणि नवा गडी धावत येतो, असे एकूण 30. वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला आणि दोन्ही पाय जमिनीला लागले की बाद. शेवटी उरेल तो रेसलमेनियाला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, चॅम्पियनशी लढणार. काउंटडाउन सुरू झाला की स्टेडियममधली माणसं आकडे ओरडायला लागतात. ते ऐकून आपणही घरात ओरडतो. ही मजा हायलाइट्समध्ये येतच नाही, तिथे कोण येणार ते आधीच माहीत असतं.

1 ते 30 आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि आदल्या रात्री घरात वाटून घ्या. ज्याच्या नंबरचा पैलवान जिंकेल तो जिंकला. पहिला नंबर आला म्हणून कोणी नाराज होऊ नये, 1995 साली शॉन मायकल्स पहिल्या नंबरने येऊन जिंकला होता.

वेळेचं सांगतो. न्यूयॉर्कला संध्याकाळचे 7 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे 4:30, हिवाळ्यात 5:30. तिकडचा शनिवारचा शो म्हणजे आपला रविवार, म्हणजे शाळेची काळजी नाही. रेसलमेनिया मात्र दोन रात्रींचा असतो, त्यामुळे दुसरा भाग आपल्या सोमवारी पहाटे येतो. युरोपातले शो बऱ्याचदा आपल्या रात्री साडेदहाला सुरू होतात, पण 74 वर्षांच्या माणसाला दीड-दोनपर्यंत जागवण्यापेक्षा पहाट बरी. व्यायामशाळेतला माणूस पहाटे उठतोच.

मांजलपूरची_मावशी:
माझे घरगुती सल्ले. एप्रिल 2025 पासून सगळं नेटफ्लिक्सवर आहे, हिंदी कॉमेंट्रीही मिळते. आजोबांसाठी तीच लावा. आदल्या दिवशीच टीव्हीवर लॉगिन करून बघून घ्या. आमच्याकडे एकदा ऐन मेन इव्हेंटला घरचं इंटरनेट गेलं, परत आलं तोवर विजेता पट्टा घेऊन रॅम्पवरून चालत होता. माझी लेक रडली होती. तेव्हापासून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवते.

शो सुरू झाला की सगळे फोन उलटे ठेवायचे. मित्रांच्या ग्रुपवर निकाल येतोच.

आणि मुलाला आधी बसवून नीट सांगा की हे डाव घरी करायचे नाहीत. माझ्या भाच्याने दिवाणावरून उडी मारून खांदा दुखावून घेतला होता.

कमाटीबाग_सकाळ:
अण्णांबद्दल लिहितो, कारण माझे आजोबाही असेच होते.

निकाल ठरलेला असतो हे त्यांना सरळ कबूल करा. त्यावर वाद घालू नका. पण पडणं खरं असतं, ते त्यांना दाखवा. रिंग म्हणजे स्टीलचा सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ सपाट टेकवायची, दोन्ही हात पसरून आपटायचे, म्हणजे मार सगळ्या अंगात वाटला जातो. मल्लखांब केलेल्या माणसाला हे एका नजरेत कळेल. आधी एकच सामना दाखवा: गुंथर विरुद्ध शेमस, कार्डिफ, सप्टेंबर 2022. छातीवर तळहाताचे असे फटके आहेत की कातडी लाल होऊन सोलवटते.

दुसरं, त्यांना गामा पैलवानाच्या गोष्टीतून आत आणा. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये 1,200 किलोचा दगड आहे, गामाने 23 डिसेंबर 1902 ला उचलला असं त्यावर कोरलंय. याच गामाशी 1910 मध्ये लंडनला पोलंडचा झ्बिश्को लढला. लढला म्हणजे काय, दोन तासांहून जास्त वेळ पोटावर पालथा पडून राहिला, चितपट होऊ नये म्हणून. 1928 मध्ये पतियाळ्यात पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडलं.

आता खरी गंमत. या दोन कुस्त्यांच्या मधल्या काळात झ्बिश्को अमेरिकेत हीच ठरवून होणारी कुस्ती करत होता. एप्रिल 1925 मध्ये फिलाडेल्फियात वेन मन नावाचा चॅम्पियन त्याच्याविरुद्ध जिंकणार असं ठरलं होतं. मन मूळचा अमेरिकन फुटबॉलवाला, खरी कुस्ती त्याला फारशी येत नव्हती. झ्बिश्को रिंगमध्ये उतरला, ठरलेलं मोडून खरंच लढला आणि पट्टा घेऊन गेला. माझ्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते मिनिटभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे त्यांच्यात कुस्ती येणारे होते." त्या दिवसापासून माझ्या शेजारी बसायला लागले.

दांडियाबाजारवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी तिघं कमाटीबागेत गेलो. अण्णा त्या दगडाभोवती दोनदा फिरले, खाली वाकून त्याला धरायला जागा कुठे आहे ते बघितलं, आणि नातवाला उचलताना कंबर कशी ठेवायची ते तिथेच करून दाखवलं. परत येताना शेव-उसळ खाता खाता झ्बिश्कोची गोष्ट काढली. "पालथा पडून राहिला" एवढं ऐकून जोरात म्हणाले, "त्याला उचलायला हवा होता, तिथेच!" शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

संध्याकाळी गुंथर-शेमस लावला. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला पुढे सरकून बसले. कॉमेंट्रीकडे लक्ष नव्हतं, नुसते पाय बघत होते. संपल्यावर म्हणाले, "तो गोरा उंच आहे त्याची बैठक पक्की आहे."

रंबलच ठरलंय. उसळ करून ठेवायचं बायकोने कबूल केलंय. तिलाही चिठ्ठ्यांत घ्यायचंय, म्हणून आता चौघं. 30 ला चाराने भाग जात नाही, दोन नंबर उरतात. ते दोन अण्णांना द्यावेत असं मुलाचं म्हणणं आहे. चिठ्ठ्या मात्र अण्णांनी स्वतःच करून ठेवल्यात, कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या, प्रत्येक आकडा लाल पेनाने.