रील्स बघून मराठी येते का?

निवृत्त_मास्तर
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'रोज एक रील बघा, ३० दिवसांत मराठी बोला, मास्तर लागतच नाही.' ३१ वर्षं वर्गात घालवलीत, गप्प बसवत नाही. आमच्या सूनबाई लखनौच्या. हौसेनं रील्सवर मराठी शिकल्या. पहिल्या दिवाळीला दारातूनच म्हणाल्या, "आई, मी आलो!" शिकवणारा पुरुष, तो 'मी आलो, मी जातो' म्हणणार, ती तेच उचलणार. 'आले म्हणा' हे कोण सांगणार? 'चार'चा च वेगळा, 'पाच'चा वेगळा. 'त्याचा' म्हणताना एक च, 'त्याची' म्हणताना दुसरा. लिहिताना दोन्ही सारखेच. समोर ऐकणारं माणूस नसेल तर वाक्यं पाठ होतात, भाषा येत नाही.

अंबाबाईच्या_गावची
सर, सूनबाईंचं चुकलं काय? आमच्या कोल्हापुरात बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. आजी, आई, मी, सगळ्या. कॉलेजला पुण्यात गेलो तर हॉस्टेलच्या मुली माझी नक्कल करून हसायच्या. दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही मी. असलं 'ऐकून सुधारणारं माणूस' नसलेलंच बरं.

निवृत्त_मास्तर
बोलीला मी नावं ठेवलेली नाहीत. तुमचं 'आलो' आईकडून आलंय. हिचं पुरुषाची नक्कल करून आलंय. दोन्हींत फरक आहे.

अंबाबाईच्या_गावची
आणि तो ऐकणाऱ्याला कसा कळणार? कपाळावर लिहिलेला असतो? हसणारा दोघींनाही सारखाच हसतो.

तापीकाठचा
ताईंचं शंभर टक्के खरं. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटलं म्हणून मला चौथीत बाकावर उभं केलं होतं. घरी अहिराणी, ण आणणार कुठून? मास्तर, तुम्ही लोकांनीच आमची तोंडं बंद केली. आता ठाण्यात राहतो, बायको विदर्भातली, मुलीच्या कानावर अहिराणी पडायची नाही. ती यूट्यूबवर खान्देशी कॉमेडी बघून शिकली. मागच्या महिन्यात फोनवर आजोबांना म्हणाली, "बाबा, काय करी राहिना?" म्हाताऱ्याला पुढे बोलवेना. कुठल्या शाळेनं शिकवलं असतं हे?

निवृत्त_मास्तर
मी कधीही कुणाला बाकावर उभं केलेलं नाही. तुमच्या मास्तरांचा राग माझ्यावर काढू नका.

रविवारची_शाळा
विषय रील्सचा होता. इथे न-ण आणि आलो-आलेच चाललंय.

तापीकाठचा
हाच विषय आहे. कुठली मराठी शिकवायची ते ठरवणार कोण?

वॉर्डातली_सिस्टर
मी कोट्टयमची. पिंपरीत नर्स आहे. लिहिताना चुकलं तर सांगा. 'कुठे दुखतंय?' मी रीलवर शिकले. प्रश्न विचारता आला, पण उत्तर समजत नव्हतं. एक आजी म्हणाल्या, 'कळ येते.' दुसऱ्या म्हणाल्या, 'ठणका लागलाय.' एक काका म्हणाले, 'पायाला मुंग्या येतात', तर मी चादर बदलली. काकांचा पाय बधिर होत होता. वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं म्हणून डॉक्टरांना वेळेत बोलावलं. त्या रात्री मी त्याच रीलखाली विचारलं, दुखण्याला अजून काय काय म्हणतात? सकाळपर्यंत लोकांनी लिहिलं होतं: चमक, मुरडा, उसण, लचक, आग. प्रत्येक जण आपल्या गावचा शब्द देत होता. त्यातले निम्मे मी त्याच आठवड्यात वॉर्डात ऐकले. ळ मला सोपा, आमच्या मल्याळममध्ये आहे. च मात्र अजून चुकतो.

निवृत्त_मास्तर
सिस्टर, तुम्हाला माणसांनी शिकवलं. आधी मावशींनी, मग खाली लिहिणाऱ्यांनी. माझं म्हणणं तेच होतं. पण ती माणसं रीलमुळे एका जागी आली, हे मान्य करावं लागेल. 'चार, पाच, त्याचा, त्याची' बोलून पाठवा. ऐकून सांगतो.

अंबाबाईच्या_गावची
आणि सूनबाईंचं काय?

निवृत्त_मास्तर
घरात म्हणू दे. परीक्षेत चालणार नाही.

अंबाबाईच्या_गावची
परीक्षा कसली सर? त्या दिवाळीला आल्या होत्या.