पेन्शनचं ओझं कोणाच्या खांद्यावर?

बिनपगारी:
पेन्शन म्हणजे आपलेच साठवलेले पैसे परत मिळतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. अनेक देशांत तसं नसतं. आज नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून कापलेले पैसे आजच्याच पेन्शनरांना वाटले जातात. कमावणारे भरपूर आणि म्हातारे थोडे होते तोवर हे झकास चाललं. जर्मनीचा सरकारप्रमुख बिस्मार्क याने १८८९ साली तिथे वृद्धांसाठी विमा आणला तेव्हा वयाची अट ७० होती, आणि तिथवर पोचणारेच कमी. आज जपानमध्ये दर दहांत जवळपास तिघे पासष्टीपुढचे आहेत. हिशेब जुळेना की सरकार निवृत्तीचं वय वाढवतं. कोणाचं? फ्रान्सने २०२३ मध्ये ६२ चं ६४ करायचं ठरवलं, तेव्हा १ सप्टेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना हात लावला नाही. आपण माडीवर पोचलो की शिडी वर ओढून घ्यायची! माझं म्हणणं एवढंच: कात्री लावायची तर आज मिळणाऱ्या पेन्शनलाही लावा, निदान मोठ्या पेन्शनला तरी.

निवांत_६८:
अरे, ती शिडी चाळीस वर्षं खाली धरून कोण उभं होतं? आमच्याही पगारातून आमच्या आईवडिलांच्या पिढीची पेन्शन गेली. आम्ही असे चर्चेचे धागे काढले नाहीत. (धागे नव्हतेच, ते सोड.) तुझ्या हातात तीस वर्षं आहेत, बचत वाढव, नोकरी बदल, काय हवं ते कर. माझी पेन्शन उद्या कापली तर मी या वयात कोणाच्या दारात जाऊ? आणि वारसा मोजायचाच तर सगळा मोज. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. त्याचं बिल आलं का तुला?

बिनपगारी:
देवीबद्दल आभार, काका, मनापासून. पण मग त्याच वहीत हवेतला कार्बनही मांडा. २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तिथल्या हवामान कायद्याला फटकारलं ते याचसाठी: २०३० पर्यंत जेमतेम करायचं आणि खरा भार त्यापुढे ढकलायचा, याने आजच्या तरुणांच्या स्वातंत्र्यावर गदा येते. म्हणजे "पुढचं पुढे बघू" हेही कोर्टात चालत नाही.

पाटी_फावडं:
दोघेही खुर्चीत बसून भांडताय. स्लॅब ओतणाऱ्याचे गुडघे ६४ पर्यंत टिकतात का? गरीब माणूस सरासरीने लवकर मरतो. म्हणजे हप्ते तो भरणार आणि वर्षानुवर्षं पेन्शन खाणार तो साहेब. वय वाढवलं की पहिला हाच मरतो. फ्रान्समध्ये कामगारांच्या मोर्चात विद्यार्थीही होते ते उगाच नाही. म्हातारे विरुद्ध तरुण असं भांडण लावून दिलं की वरचे सुटतात.

निवांत_६८:
हे पटलं.

बिनपगारी:
मलाही, अर्धंच. वरच्यांकडून घेतलं तरी कमावणारे कमी आणि खाणारे जास्त हे बदलत नाही.

दूरचा_दिवा:
नॉर्वेने यावर उपाय शोधला. तेलाच्या पैशासाठी १९९० मध्ये कायदा करून निधी काढला, १९९६ मध्ये पहिली रक्कम भरली. नियम असा की सरकारने सरासरीने वर्षाला निधीच्या ३ टक्क्यांच्या आसपासच खर्च करायचे, मुद्दल राखायचं. तेल आपल्या काळात सापडलं म्हणून ते आपल्या एकट्याचं होत नाही.

पाटी_फावडं:
तेल असल्यावर शहाणपण सुचायला काय जातं! ज्यांच्याकडे नुसतं कर्ज आहे त्यांनी कशाचं मुद्दल राखायचं?

दूरचा_दिवा:
निदान कर्ज कशासाठी काढलं ते तरी बघा. पूल बांधायला काढलं तर नातवाने हप्ता भरायला हरकत नाही, पुलावरून तोही जाणार. रोजचा खर्च भागवायला काढलं असेल तर त्याने का भरावं?

निवांत_६८:
बरं, ते मूळ राहिलंच. "मोठी पेन्शन" म्हणजे किती मोठी? माझी धरली आहेस का त्यात?

बिनपगारी:
आकडा सांगा काका, मग बोलू.

निवांत_६८:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.