डॉक्टर, हा व्हिडिओ जरा बघता का?

(आमच्या मुलुंडच्या सोसायटी ग्रुपवर शनिवारी रात्री रंगलेली चर्चा, सगळ्यांना विचारून टाकतेय. नावं काढून फ्लॅट नंबर ठेवलेत. गुड नाइटची फुलं आणि पार्किंगची भांडणं गाळली आहेत.)

बी-702: व्हिडिओ पाठवलाय, सगळ्यांनी बघा. स्वतः डॉक्टर बोलतोय. कोविडची लस म्हणजे निव्वळ धंदा होता, आरोग्य खातं कंपन्यांच्या खिशात आहे, आणि शेतकऱ्याला औषधं फवारायला लावून मारतायत. डिलीट व्हायच्या आत सेव्ह करा.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय. उद्याच्या शिबिराला अजून मोजकीच नावं आली आहेत. ज्येष्ठांसाठी फ्लूची लस, बीपी, शुगर.

बी-702: शिबिराचाच विषय आहे हा. परत सुया टोचून घेण्याआधी विचार करा, एवढंच म्हणतोय.

ए-601: आमच्या ऑफिसातला एक मुलगा गेल्या वर्षी जिममध्येच अचानक वारला. चाळिशीसुद्धा नव्हती. दोन्ही डोस झालेले.

बी-203: दोन डोस तर जवळपास सगळ्यांचेच झालेत हो. जे ठणठणीत आहेत त्यांचेही.

बी-101 (काकू): डॉक्टर ऑनलाइन दिसतायत. सांगा ना काहीतरी. मी उद्याला नाव दिलंय, काढू का?

ए-304 (डॉक्टर): काढू नका काकू. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. गृहस्थ बोलतो छान, पण तीन वेगळ्या गोष्टींची त्याने एकच मोळी बांधलीय. शेतीबद्दल बराचसा बरोबर आहे, सरकारी आरोग्याबद्दल निम्मा. लसीबद्दल मात्र घसरलाय.

बी-702: म्हणजे साइड इफेक्ट नव्हतेच? कंपनीनेच कोर्टात कबूल केलं की.

ए-304 (डॉक्टर): होते ना. कोविशील्डने क्वचित रक्तात गुठळ्या व्हायच्या आणि प्लेटलेट्स घसरायच्या. त्याला टीटीएस म्हणतात. मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाची ब्रिटनमधल्या कोर्टातली कबुली 2024 मध्ये गाजली, पण युरोपच्या औषध नियामकाने ही गोष्ट एप्रिल 2021 मध्येच जाहीर केली होती. आपल्याकडे मे 2021 मध्ये केंद्राने आकडा दिला, दर 10 लाख डोसमागे 0.61. त्याच पत्रकात ब्रिटनचा आकडा 4 होता आणि जर्मनीचा 10. आपला एवढा कमी का? आपली नोंदच ढिली आहे, असा माझा संशय. तालुक्याच्या गावात डोसनंतर तीन आठवड्यांनी कुणी दगावलं, तर लसीशी जोडून कळवणार कोण? पण जर्मनीचा आकडा धरला तरी लाखात एक. त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी आपण सगळ्यांनी किती फोन फिरवले ते आठवा, आणि मग ठरवा.

आणि ए-601, टीटीएस व्हायचा तर डोसनंतर साधारण चार दिवस ते सहा आठवडे, एवढ्यात होतो. 2021 चा डोस आणि गेल्या वर्षीची जिम यांचा मेळ बसत नाही. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो 2023 मध्ये छापून आलाय. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढला तो कोविडमुळे ॲडमिट व्हावं लागलेल्यांचा, घरात आधी कुणी असंच अचानक गेलेल्यांचा, आणि आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा जबर व्यायाम केलेल्यांचा.

ए-601: त्याचे वडीलही असेच गेले होते म्हणतात.

ए-304 (डॉक्टर): भाऊ-बहीण असतील तर ईसीजी आणि टूडी इको या हृदयाच्या तपासण्या करून घ्यायला सांगा. खरंच सांगा, राहू देऊ नका.

बी-203: मग लोकलला दोन डोसची सक्ती बरोबर होती का? 15 ऑगस्ट 2021 पासून सर्टिफिकेट दाखवा तर पास. माझा दुसरा डोस बाकी होता, रोज ऐरोली मार्गे रिक्षा-बस करत जात होतो. त्याच गर्दीतून!

ए-304 (डॉक्टर): मला तेव्हाही पटली नव्हती. लस घेतलेल्यालाही कोविड होत होता, तो दुसऱ्याला देतही होता. लस वाचवत होती ती मुख्यतः घेणाऱ्याला. मग तिकीट खिडकीवर अडवण्यात काय अर्थ? डॉ. जेकब पुलियेल नावाचे बालरोगतज्ज्ञ सुप्रीम कोर्टात गेले होते, 2 मे 2022 ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही, हेही म्हणालं. आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, हेही. व्हिडिओवाल्याने पहिलं वाक्य तेवढं वाचून दाखवलंय.

बी-101 (काकू): आमचे हे परळला हाफकिनमध्ये नोकरीला होते. त्यांच्या तोंडून ऐकून पाठ झालंय. हाफकिनसाहेबाने 10 जानेवारी 1897 ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हाही लोक घाबरायचेच. पुढे 1902 मध्ये पंजाबात एका गावात लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली, आणि खापर फुटलं साहेबाच्या डोक्यावर. दोष निघाला एका बाटलीचा, ती गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता म्हणे. साहेब निर्दोष ठरला, पण त्याला पाच वर्षं गेली.

ए-601: बी विंगची लिफ्ट परत चौथ्यावर अडकलीय. कुणी वॉचमनला सांगा.

बी-402: काकू, बाटलीवरून आठवलं. माझी बहीण शहापूरकडे उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. कोविशील्डच्या एका बाटलीत 10 डोस, उघडली की चार तासांत संपवायची. पाड्यावरच्या सात बायका जमल्या की ही आशाताईला पाठवायची, अजून तिघी आण म्हणून. सातही रोजंदारीवाल्या, थांबणार किती? आणि मे 2021 मध्ये 18 च्या पुढच्यांचं मोबाईलवर बुकिंग सुरू झालं, तेव्हा मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागली तिच्या केंद्राबाहेर. गावातली पोरं बाजूला उभी राहून बघतायत, आणि लस टोचून घेणारे सगळे घोडबंदर नि मुलुंडचे.

बी-203: आपल्या बिल्डिंगमधूनही गेले होते. नाव घेत नाही.

ए-304 (डॉक्टर): हा खरा धोरणाचा मुद्दा. 1 मे ते 20 जून 2021 केंद्राने 18 ते 44 वयाच्यांना वाऱ्यावर सोडलं होतं. राज्यांनी खरेदी करा, नाहीतर खाजगीत पैसे मोजा. सुप्रीम कोर्टाने त्याला मनमानी म्हटलं, मग ते बदललं. त्या सात आठवड्यांत ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी, त्याला लस.

2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलंय की 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्के सरकारी खर्च आरोग्यावर. 2021-22 मध्ये, ऐन कोविडात, तो 1.84 टक्के होता. महात्मा फुले योजनेत आता 5 लाखांपर्यंत उपचार फुकट, चांगलंच आहे. पण ते कार्ड चालतं ॲडमिट झाल्यावर. उपकेंद्रातली रिकामी जागा त्याने भरत नाही.

बी-702: मग शेतीबद्दल तो बरोबर आहे ना? सेंद्रियच खायला हवं.

ए-304 (डॉक्टर): तुम्ही काय खावं हा मुद्दा नंतर. फवारतो कोण ते आधी बघा. मी यवतमाळकडचा. 2017 च्या पावसाळ्यात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावरच यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, दुकानदार सांगेल तशी. अंगात बनियन, तोंडाला रुमाल. माझा चुलतभाऊ त्यातून वाचला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर, घामाने निथळलेला. वाचला कारण तिथल्या तरुण डॉक्टरणीने आधी त्याचे कपडे काढून साबणाने धुवायला लावला आणि छाती साफ होईपर्यंत ॲट्रोपिनचा उतारा देत राहिली. उतारा स्वस्त आहे, पण तो देणारं माणूस रात्री दोनला जागेवर असावं लागतं.

तुम्ही तिप्पट भावाची मेथी घेतल्याने त्याच्या हातात हातमोजे येत नाहीत, सॉरी. आणि सगळी रसायनं एका फटक्यात बंद करा म्हणणाऱ्यांनी श्रीलंका बघावी. एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतं बंद केली, भात घसरला, नोव्हेंबरात निर्णय फिरवला.

बी-402: मेळघाटात बैरागडला डॉक्टर कोल्हे नवरा-बायको आहेत ना, त्यांनी तर शेतीच करून दाखवली.

ए-304 (डॉक्टर): हो, रवींद्र आणि स्मिता कोल्हे. 2019 ला दोघांना पद्मश्री मिळाली. गेले ते औषधं घेऊन. लोकांनीच त्यांना जनावरांकडे आणि पिकाकडे ओढलं, कारण न्यूमोनियाने जाणारं मूल आधी उपाशी असायचं. असे डॉक्टर कॅमेऱ्यासमोर कमी दिसतात.

बी-203: डॉक्टर, विषय निघालाय तर विचारतो. बाबा संगमेश्वरला एकटेच असतात, भातलावणी सुरू होईल. मागच्या पावसात शेजारच्या वाडीत एकाला फुरसं चावलं.

ए-304 (डॉक्टर): चावलं तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि 108 ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, लोक त्यालाच सापाची लस म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून विचारा, त्याच्या वायल, म्हणजे बाटल्या, किती आहेत. सुरुवातीलाच 10 लागू शकतात.

बी-203: मागे बाबांनी विचारलं होतं. वायल आहेत, पण रात्री डॉक्टर राहत नाही म्हणाले.

ए-304 (डॉक्टर): मग रात्री कुठे न्यायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथलाही नंबर. दोन्ही नंबर बाबांच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात, आणि रिक्षावाल्याचा तिसरा. उद्या शिबिरात भेटा, बाकी बोलू.