ग्रामपंचायतीचा घरकर एकदम दुप्पट आला, हिशोब कसा तपासायचा?

छपरीवाला (यवतमाळ जिल्हा)
नव्या चार वर्षांच्या आकारणीची नोटीस आली. नुसता घरकर १,९०६ रुपये, मागच्या आकारणीत ९८० होता. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी वेगळी, त्याबद्दल तक्रार नाही. घर गावठाणात, २००९ सालचं, स्लॅबचं, बाहेरून बाहेर २५ × ३० फूट. समोर टिनाची छपरी २५ × ८. पुढच्या खोलीत, १० × १२ मध्ये, किराणा दुकान. नोटिशीवर एवढंच आहे: जमीन दर ४००, बांधकाम दर १४,०००, कराचा दर हजारी १.२०. बाकी रकाने कोरे. हा आकडा आला कुठून?

हिशोबी_माणूस
कर व फी नियमांच्या ३१ डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीचा घरकर भांडवली मूल्यावर लागतो. सूत्र असं:

[(जमिनीचं क्षेत्रफळ × जमीन दर) + (बांधकामाचं क्षेत्रफळ × बांधकाम दर × घसारा)] × वापराचा भारांक

दर रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातले. घसारा म्हणजे घर जुनं झाल्यावर किंमत जेवढी उरते तो हिस्सा, नव्या घराला १. भारांक राहण्याच्या घराला १, कारखान्याला १.२०, दुकानाला १.२५. जे मूल्य निघेल त्यावर दर हजार रुपयांमागे कर. हजारी दराच्या किमान-कमाल मर्यादा बांधकामाच्या प्रकारानुसार नियमांत आहेत, त्या मर्यादेत ग्रामपंचायत ठराव करून आपला दर ठरवते.

आता तुमचं घर. आपण फुटात मोजतो, पण दर चौरस मीटरचा असतो. ७५० चौ. फूट भागिले १०.७६४ = ६९.६८ चौ. मी. सोळा-सतरा वर्षांच्या स्लॅबच्या घराला घसारा ०.८० धरू. छपरी सध्या बाजूला ठेवा.

जमीन: ६९.६८ × ४०० = २७,८७२
बांधकाम: ६९.६८ × १४,००० × ०.८० = ७,८०,४१६
बेरीज: ८,०८,२८८
कर: ८०८.२८८ × १.२० = ९७० रुपये

दुकानाच्या १२० चौ. फुटांना (११.१५ चौ. मी.) १.२५ लावलं तर वर फक्त ३९ रुपये चढतात. १,००९ झाले. मग ९०० रुपये कुठले, ते नमुना ८ (आकारणी नोंदवही) पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

काळीमाती
मला वाटतं सांगता येतं, भाऊ. उलटा हिशोब करा.

१,९०६ ला १.२० ने भागून हजाराने गुणलं की भांडवली मूल्य १५,८८,३३३. अख्खं घर दुकान धरलं असेल तर १.२५ ने भागा: १२,७०,६६७. घसारा लावलाच नसेल तर एका चौ. मीटरचे १४,००० + ४०० = १४,४००. त्याने भागलं की ८८.२४ चौ. मी., म्हणजे जवळपास ९५० चौ. फूट. आणि ९५० म्हणजे २५ × ३८! ३० फूट घर आणि ८ फूट छपरी, एकाच टेपात मोजलेलं.

म्हणजे बहुतेक तीन चुका एकावर एक आहेत: टिनाची छपरी स्लॅबमध्ये, अख्खं घर वाणिज्य वापरात, आणि जुन्या घराला नव्याचा भाव. उतारा काढून खात्री करा, पण आकडा इतका चपखल बसतो की योगायोग वाटत नाही.

छपरीवाला
बापरे. मोजायला दोन पोरं आली होती खरी, टेप रस्त्याकडून मागच्या भिंतीपर्यंत सरळ लावला होता.

नमुना_आठ
तर मग बिलावर वाद घालत बसू नका. बिल (नमुना ९ क) हे मागणी नोंदवहीतून, नमुना ९ मधून निघतं, आणि मागणी येते आकारणी नोंदवहीतून, म्हणजे नमुना ८ मधून. चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तोच आकडा परत छापून येतो. नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यावी लागणारी सेवा आहे. तोंडी मागू नका, अर्जाची पोच घ्या.

उताऱ्यात आधी बांधकामाचा प्रकार बघा. आपल्याकडे कवेलूचं घर, विटा-मातीच्या भिंतीवर टिन आणि स्लॅब असे तिन्ही प्रकार एकाच आवारात असतात. प्रत्येकाची ओळ वेगळी पाहिजे. त्या एका रकान्यात चुकीचा शब्द पडला की बांधकाम दर, घसारा आणि हजारी दर, तिन्ही बिघडतात. मग बांधकामाचं वर्ष: रकाना कोरा राहिला की घर नवं धरलं जातं. पाडलेलं जुनं मातीचं घर नोंदीत अजून उभं आहे का, तेही पाहा. मोकळी जागा काही ठिकाणी वेगळ्या ओळीत लावतात, काही ठिकाणी अख्खा प्लॉट इमारतीसोबत धरतात. तीच जागा दोनदा धरलेली नसावी, एवढं तपासा.

फूट-मीटरचा घोळ मात्र सगळ्यात महाग. तुमचे ७५० फूट कुणी मीटरच्या रकान्यात तसेच टाकले असते तर ९७० च्या जागी १०,४४० रुपये आले असते. तो लगेच डोळ्यात भरतो, म्हणून दुरुस्तही लवकर होतो. तुमच्यासारखा दुपटीचा आकडा मात्र लोक 'दर वाढले असतील' म्हणून भरून टाकतात.

हिशोबी_माणूस
काळीमातीचा उलटा हिशोब मान्य. छपरी मी बाजूलाच ठेवली होती, तीच स्लॅबमध्ये मोजली असेल हे डोक्यात आलं नाही.

हरकत अर्जात 'कर जास्त आहे, कमी करावा' असं लिहू नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. उताऱ्यात तसंच निघालं तर लिहा: मालमत्ता क्रमांक अमुक, बांधकाम ८८.२६ चौ. मी. (९५० चौ. फूट) नोंदवलं आहे, प्रत्यक्ष स्लॅब ६९.६८ चौ. मी., टिनाची छपरी १८.५८ चौ. मी. वेगळी नोंदवावी, बांधकाम वर्ष २००९ धरून घसारा द्यावा, वाणिज्य वापर ११.१५ चौ. मी. पुरताच लावावा, माझ्यासमोर फेरमोजणी करावी. सोबत हाताने काढलेला नकाशा, फोटो, मागच्या आकारणीचा उतारा. वर्षाच्या पुराव्याला बांधकाम परवानगी नसेल तर त्या काळचं विजेचं बिल किंवा जुनी करपावती जोडा. दुकान लपवू नका. ३९ रुपयांसाठी अख्खा अर्ज खोटा ठरतो.

नमुना_आठ
नोटिशीवरची हरकतीची मुदत चुकवू नका. ग्रामपंचायतीने ऐकलं नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आहे, त्यावर जिल्हा परिषदेची स्थायी समिती. अर्ज दिला म्हणजे बिल आपोआप थांबलं असं मात्र समजू नका. घरात कुणाला ग्रामपंचायत लढवायची असेल तर जास्तच जपा: रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्रता येते. घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर एका राहत्या घराला माफी आहे, २०२० पासून. ती मागावी लागते.

छपरीवाला
उतारा मिळाला. ८८.२६, आरसीसी (म्हणजे स्लॅब), वाणिज्य, वर्षाचा रकाना कोरा. सगळं तसंच. अर्ज लिहायला घेतो. ३० सप्टेंबरच्या आत भरलं की ५ टक्के सूट म्हणतात, तोवर निकाल लागला नाही तर?

काळीमाती
सूट चालू वर्षाच्या करावर, थकबाकीवर नाही. हजारेक रुपयांच्या खऱ्या करावर ती ५० च्या आसपास. सप्टेंबरात हातात पैसा नसतो, सोयाबीन दसरा-दिवाळीला आणि कापूस त्याच्याही मागून येतो, तेव्हा तेवढ्यासाठी उसनवारी करण्यात काही मतलब नाही. मार्चअखेर मात्र ओलांडू नका, मग ५ टक्के दंड चढतो. आधी भरायचंच ठरवलं तर पावतीवर (नमुना १०) 'हरकत प्रलंबित ठेवून' असं लिहून घ्या आणि निकाल लागल्यावर जादा रक्कम पुढच्या वर्षात वळती करायचा अर्ज द्या. पावतीवर घरकर आणि पाणीपट्टी वेगवेगळ्या ओळीत आहेत ना, हे खिडकीवरच बघा. एकत्र लिहिलेली रक्कम पुढे कोणत्या खात्यात गेली यावरून पुन्हा 'मागील थकबाकी' उभी राहते.

नमुना_आठ
आणि फेरमोजणीच्या दिवशी टेपचं शून्याचं टोक तुम्ही धरा. छपरीच्या खांबावर नाही, घराच्या भिंतीवर.